टर्मिनल तीन, बेटावद

कापूस विकून खळं मोकळं झालं होतं.
चुन्याच्या फक्कीनं मी आधी दार काढलं.
हे गेट नंबर पाच, फुई. इथं उतरायचं.
मोटार फार वेळ थांबू देत नाहीत,
रडायचं असेल तर आधीच, रस्त्यात.

कौतिकफुईचं रडायचं काही ठरलेलं नव्हतं.
तिला लाडवांच्या डब्याची काळजी:
उघडतील का?
उघडतील.
"मंग एखादा खातीन का?"
नाही गं, नुसतं बघतात.
"देखीसन बी खातस नही? कसा लोके शेतस!"

दोन खांबांना कासरा बांधून रांग केली,
वळणावळणाची. पुढं चिटपाखरू नसलं तरी
दोर ओलांडायचा नाही, असं बजावलं.
फुई वळत वळत गेली.
मागून शेळी आली ती दोराखालून सरळ पार.
"तिनाजोडे पासपोर्ट नही," फुई म्हणाली.

उभी केलेली खाट, म्हणजे तपासणीची चौकट.
पाटीत चपला, पाटीत मोबाईल,
पाटीत किल्ल्यांचा जुडगा.
किल्ल्या कशाला नेतेस कॅनडाला?
"घर शे ना मांगे."

सरकता रस्ता काही केल्या सांगता येईना.
शेवटी बारदान अंथरलं, तिला वर उभं केलं,
भावड्यानं आणि आसमानं दोन टोकं धरून ओढलं.
पडली नाही.
वखरावर उभी राहून शेत काढलेली बाई.
"आनखी एक खेप," म्हणाली.

मग मी भिंतीवरच्या हातांचं सांगितलं.
तांब्याच्या मोठाल्या थाळ्या, त्यांतून बाहेर आलेले हात,
एकाचं बोट अंगठ्याला टेकलेलं,
एकाचा तळवा समोर, थांब म्हटल्यासारखा.
"कोना हात?"
कोणाचेच नाहीत. शोभेचे.
तिनं जरा विचार केला.
"बाकीना मानूस कोठे गया?"

नऊ वर्षं मी तिथं चाकांच्या खुर्च्या ढकलल्या.
कुठल्या नळाचं पाणी थंड, कुठली लिफ्ट कुरकुरते,
प्रार्थनेच्या खोलीत कोण प्रार्थना करतं
आणि कोण बूट काढून झोपतं, सगळं ठाऊक.
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत एकदा
बाशिंग आलं होतं. तीन महिने ठेवलं,
कोणी मागायला आलं नाही.
लुधियानाचा एक म्हातारा
गेट सत्तावीसपर्यंत मला गव्हाचा उतारा सांगत होता,
उतरताना हात हातात घेतला,
हातात दहाची नोट, घामानं ओली.

फक्कीची रेघ मी उकिरड्याच्या कडेपर्यंत नेली.
हा बोगदा. चढ आहे थोडा.
इथं पोरगी हात जोडून उभी असते.
इथं मी खुर्चीचा ब्रेक लावायचो.
"मंग?"
मग तू आत.
"आत काय शे?"

पाटीत अजून मूठभर फक्की होती.
मला एक पडदा आठवला,
पहिल्या रांगेतल्या खुर्चीचा दांडा,
कॉफीचा वास,
आणि परत फिरवलेली रिकामी खुर्ची,
उतारावर ती आपोआप पळायची,
तिला मागं ओढत आणावं लागायचं.

"तू बठना नही कव्हय?"
मी पाटी झाडली.
पोरांनी तोवर धावपट्टीवर स्टंप रोवले होते.
फुईनं चपला घातल्या, जुडगा कमरेला खोचला.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली, "मी देखसू नि तुले सांगसू."

मंगळवारी गेली. गुरुवारी पहाटे
आंडेरच्या नंबरावरून फोन आला.
"लहान शे रे आत, आपला गोठामायक.
पन खिडकी शे."
खिडकीतून काय दिसलं ते विचारायचं राहून गेलं,
कारण ती पुढं सांगत होती,
खुर्ची ढकलणारं पोरगं यवतमाळकडचं होतं,
काल रात्रीपासून उपाशी.
त्याला दोन लाडू दिले.
उभ्या उभ्या खाल्ले त्यानं,
तिथंच, ब्रेक लावून.